तारिणीबाईंनी पाजलेला चहा

"तारिणीबाई पळसुले येतांत," बाळकृष्णराव म्हणाले. "पुढल्या गुरुवारी. आपल्या तंजावुरास."

सेतुमाधव त्या वेळी टंबलरातली कॉफी खालच्या वाटीवजा डबऱ्यात ओतून निववत होते. धार डबरा चुकवून नेसलेल्या वेष्टीवर गेली. कॉफी कढत होती, पण ओरडायला सवड मिळाली नाही. खोलीतली सगळी डोकी एकदम त्यांच्याकडे वळली होती.

"मग काय सेतु!" मुरलीने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "तुमचीच पाहुणी की!"

"आं? हां. म्हणजे... होय की," सेतुमाधव म्हणाले आणि मान खाली घालून वेष्टी झटकायला लागले.

राजवाड्यामागच्या गल्लीतली ही मराठी सभा. महिन्यातून एकदा भरते, कॉफी पिते आणि पुढल्या महिन्यात भरायचं ठरवून उठते. एवढ्या कामावर ती दोन पिढ्या टिकली आहे. बाळकृष्णराव तिचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे आपण बोलत असताना दुसरं कुणी बोलू शकतं, ही शक्यता त्यांच्या ध्यानातच येत नाही. सभेचं मराठी रंगभूमीवर अतोनात प्रेम. नाटक तंजावुरास येत नाही आणि तंजावूर नाटकाला जात नाही, त्यामुळे या प्रेमात व्यत्यय असा कधी आला नाही. त्यातही तारिणीबाई म्हणजे दैवत. त्यांची नाटकं सगळ्यांच्या फोनवर होती आणि पहिल्या अंकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांनी ती पाहिलीही होती. पुढे पुण्याकडची मराठी फार जोरात धावते. तीनशे वर्षांपूर्वीची आपली मराठी घेऊन तिच्यामागे पळताना माणसाला धाप लागते. पण न कळणाऱ्या गोष्टीची थोरवी जास्त, हे देवळात डोळे मिटून संस्कृत ऐकणाऱ्याला कुणी वेगळं सांगायला नको.

या भक्तमंडळीत सेतुमाधवांचं आसन वेगळं होतं. त्यांनी बाईंना प्रत्यक्ष पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, त्यांच्या हातचा चहा प्यायला होता.

गोष्ट जुनी. पाटबंधारे खात्यातली नोकरी नवी होती, लग्न व्हायचं होतं, आणि खात्याने सेतुमाधवांना प्रशिक्षणासाठी पुण्याला धाडलं. तिथून येताना ते ही हकीकत घेऊन आले: नाटक संपल्यावर ते आत गेले, बाईंनी त्यांना रंगपटात बसवून घेतलं, स्वतःच्या हाताने चहा दिला आणि म्हणाल्या, "किती गोड मराठी हो तुमची!" हे झालं मुद्दल. त्यावर वर्षानुवर्षं व्याज चढत गेलं. मुलीच्या बारशाला चहाबरोबर बिस्किट आलं. बढती मिळाली त्या वर्षी बाई "पुन्हा या हं" म्हणाल्या. निवृत्तीच्या समारंभात तर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रत्यक्ष घडलं ते असं. सेतुमाधवांना शेवटच्या रांगेतलं तिकीट मिळालं. संवाद कळेनात. मध्यंतरापूर्वीच त्यांचा डोळा लागला आणि जाग आली ती टाळ्यांनी. मग ते रंगपटाच्या दाराशी गेले. तिथल्या पहारेकऱ्याने "पास आहे का?" असं विचारलं, आणि नव्हता म्हणून त्यांनी समोरच्या टपरीवर जाऊन चहा घेतला. चहा तेवढा खरा होता.

पण या चहावर सेतुमाधव आयुष्यभर जगले होते. पाटबंधारे खात्यात त्यांनी फायली पुढे सरकवल्या आणि सरकलेल्या फायलींच्या जागी दुसऱ्या आल्या. त्याबद्दल कोण कुणाला काय सांगणार? लग्नाकार्यात त्यांची ओळख करून देताना लोक म्हणत, "हे सेतुमाधव. तारिणीबाईंनी चहा पाजिला, तेच हे." तेवढं काढून घेतलं तर बाकी उरायचा एक निवृत्त हेडक्लार्क आणि त्याची गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली.

"बरे झाले," कमलाक्षी म्हणाली. ती बँकेतून निवृत्त झाली होती, पण सही निरखून पाहायची सवय बँकेत ठेवून आली नव्हती. "बाई तुम्हांस कशा ओळखितांत, ते आम्हांसही पाहावयास मिळेल."

"बाई खाजगी येतांत," सेतुमाधव घाईने म्हणाले. "देवदर्शनास. वय ऐंशी. त्यांस आपण कशास त्रास द्यावा?"

"पाहा!" बाळकृष्णरावांनी सगळ्यांकडे पाहत बोट वर केलं. "ओळखीचा माणूस म्हणतात तो हा. आपणांस बाईंस पाहावयाची पडली आहे, आणि यास त्यांच्या जिवाची."

"मजजवळ त्यांचा नंबरही नाही."

"असला तरी देऊ नये. बरोबर आहे तुमचे."

जितकं मागे सरावं तितकी पत वाढते, असा हा विचित्र धंदा होता. शेवटी बाळकृष्णरावांनी रम्याला हाक मारली. रम्या सेतुमाधवांची मुलगी, शाळेत शिकवते. देवनागरी टाइप करता येणारी सभेत ती एकटीच, म्हणून चिटणीसही तीच. तिने बैठक संपायच्या आत बाईंच्या भाचीला फेसबुकवर शोधून काढलं आणि निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: बाई चाहत्यांना नाही म्हणत नाहीत, दर्शनानंतर अर्धा तास येतील, मात्र फार काही करू नका.

'फार काही करू नका' हा निरोप मुरलीकडे गेला. त्याच्याकडे जायला नको होता.

मुरलीचा लाउडस्पीकर आणि मांडवाचा धंदा. तरुणपणी तो एका सिनेनटाच्या रसिक मंडळाचा शाखाप्रमुख होता. नवा सिनेमा लागला की थिएटरासमोर नटाचा गगनचुंबी कटआउट उभा करायचा, शिडीवर चढून त्याला दुधाचा अभिषेक करायचा, ही त्याची साधना. प्रेम करायची दुसरी रीत त्याला माहीत नव्हती.

"दूध?" कमलाक्षीने विचारलं. "नाटकवालीस?"

"का? सिनेमावाल्यांपेक्षा कमी आहेत का त्या?"

महाराष्ट्रात नटनट्यांचं काय करतात, हे सभेत कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे पुन्हा सेतुमाधवांकडे वळले. पुणे पाहिलेला माणूस एकच.

"पुण्यास करितांत का हो असे?"

नाही म्हणावं तर 'मग काय करितांत?' हा प्रश्न आलाच असता. आणि पुण्यात नटीच्या दाराशी काय होतं याबद्दल सेतुमाधवांचा अनुभव पहारेकऱ्यापलीकडे गेलेला नव्हता.

"करितांत," ते म्हणाले. "थोडेसे."

झालं. कुंभकोणमच्या कारागिराकडे कटआउट सांगितला गेला. वेळ कमी होता. त्याच्याकडे कुठल्याशा सिनेनटीचा कमरेवर हात ठेवलेला देह तयार पडून होता; त्यावर त्याने तारिणीबाईंचं मुख बसवून दिलं. मुख ऐंशीचं, बाकीचा हिशेब पंचविशीचा.

घरी सेतुमाधवांची बायको वरलक्ष्मी पापडाचं पीठ मळत होती. "अहो, बाईंस चहा कसा लागतो? साखर किती?" तिने सरळ चेहऱ्याने विचारलं. "तुम्हांस ठाऊक असेल."

सेतुमाधवांना तो चेहरा कधी वाचता आला नव्हता. "मध्यम," ते म्हणाले.

बुधवारी त्यांनी ताप आल्याचं जाहीर केलं. वरलक्ष्मीने कपाळाला हात लावला.

"गार आहे."

"ताप आंत आहे गे."

"मग आंतच असो. वेष्टीस इस्त्री केली आहे."

गुरुवारी सकाळी गल्लीत नादस्वरम वाजू लागलं. दाराशी रांगोळी, केळीचे खांब, आणि सभागृहाच्या कौलांवरून डोकं काढून कमरेवर हात ठेवलेल्या तारिणीबाई. सेतुमाधवांनी आपला बेत ठरवला होता. कार्यक्रमभर लाउडस्पीकरच्या खोक्यांमागे उभं राहायचं. आवाजावर देखरेख करणारा माणूस पुढे येत नाही, आणि पुढे न येणाऱ्याला बाईंनी ओळखावं अशी अपेक्षा कुणी करत नाही. अर्धा तास काढायचा. पुढे जन्मभर म्हणता आलं असतं, 'बाई घाईत होत्या.'

गाडी आली. मुरली शिडीच्या टोकावर होता. पहिली घागर कटआउटच्या डोक्यावर रिकामी झाली, पोरांनी शिट्ट्या वाजवल्या, आणि त्याच क्षणी बाई गाडीतून उतरल्या. बारीकशा, पांढऱ्या केसांच्या, फिकट सुती साडीतल्या. त्यांनी वर पाहिलं. कटआउटवर दूध त्यांच्या नाकावरून ओघळून अनोळखी कमरेपर्यंत आलं होतं.

"हे कोण?" त्यांनी भाचीला हळूच विचारलं.

"आपणच," बाळकृष्णराव हात जोडून म्हणाले.

बाई आणखी नीट पाहायला दोन पावलं पुढे आल्या. तिथेच चुकलं. मुरली बाईंच्या दर्शनाने भारावला, त्याने नमस्काराला दोन्ही हात जोडले, आणि त्या दोन हातांत असलेली दुसरी घागर मोकळी सुटली. घागर कटआउटच्या कोपरावर आपटून बाजूला पडली. दूध मात्र सरळ खाली आलं.

पोरांच्या शिट्ट्या थांबल्या. फक्त नादस्वरमवाला डोळे मिटून वाजवत होता, तो वाजवतच राहिला. बाईंच्या केसांतून, चष्म्यावरून, हनुवटीवरून दूध गळत होतं. त्यांनी जिभेचं टोक ओठावरून फिरवलं.

"ताजं आहे," त्या म्हणाल्या.

साठ वर्षं रंगभूमीवर काढलेली बाई ती. पडदा मध्येच पडला तरी वाक्य पुरं करायची. पण साडी बदलायला हवी होती. सगळ्यांत जवळचं घर कुणाचं? वरलक्ष्मी पुढे झाली आणि बाईंचा हात धरून त्यांना घेऊन गेली.

खोक्यांमागे उभ्या असलेल्या सेतुमाधवांना यातलं काही दिसलं नाही. त्यांना रम्याने येऊन सांगितलं. "अप्पा, बाई आपल्या घरी आहेत. अम्मा साडी देते आहे."

सेतुमाधव खोक्यावर बसले. "दोघीच?"

"मी कॉफी देऊन आले. दोघी हसत होत्या."

"कशास?"

"ठाऊक नाही. अम्मा काही सांगत होती. तुमचे नाव आले, आणि बाई इतक्या हसल्या की ठसका लागला."

चहाचा कारभार आटोपला, हे सेतुमाधवांनी ओळखलं. आता फक्त जाहीर लिलाव बाकी होता. पळून जावं म्हटलं तर मागचा दरवाजा केळीच्या उरलेल्या खांबांनी अडवलेला.

बाई आल्या त्या वरलक्ष्मीची जांभळी कांजीवरम नेसून. रीतीप्रमाणे मानाच्या शाली सुरू झाल्या. तमिळनाडूत माणसाचा मान शालींवर मोजतात, आणि कुणालाच मानात मागे राहायचं नव्हतं. सहावी शाल पडली तेव्हा बाईंचं नाकच काय ते बाहेर होतं. मग बाळकृष्णराव बोलले. बाईंचा अर्धा तास त्यांनी एकट्याने संपवला.

शेवटी बाई उठल्या. शाली भाचीकडे देऊन बोलायला लागल्या. सभागृहाला निम्मं कळलं, निम्मं कळल्यासारखं वाटलं. पण बाई थांबल्या, की टाळ्या येत. बाईंनी हे ताबडतोब हेरलं आणि शब्द कमी करून थांबे वाढवले.

"मी इथे का आले?" थांबा. टाळ्या. "देवासाठी आले. पण या गावात माझं एक माणूस आहे." मोठा थांबा. "सेतुमाधव कुठायत?"

कमलाक्षी खुर्चीवरून अर्धी उठली. मुरलीने सेतुमाधवांना खोक्यांमागून ओढून काढलं आणि जवळजवळ उचलूनच व्यासपीठावर नेऊन ठेवलं. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"केस गेले," त्या म्हणाल्या. "डोळे तेच."

मग त्यांनी चहाची गोष्ट सांगितली. रंगपट सांगितला, कपबशीवरची निळी फुलं सांगितली, "किती गोड मराठी हो तुमची" हे वाक्य असं म्हटलं की सेतुमाधवांना ते चाळीस वर्षांपूर्वी ऐकल्याचं स्पष्ट आठवलं. आपलंच खोटं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसाला केवढा धीर येतो! त्यांची मान ताठ झाली. कमलाक्षी खाली बसली. सेतुमाधवांच्या आयुष्यातली ती सर्वांत सुखाची दोन मिनिटं होती, आणि तिसरं मिनिट आलं नसतं तर गोष्ट इथेच संपली असती.

पण सभागृह मुठीत आलं असताना कलावंत थांबत नाही.

"एवढं यांनी तुम्हाला सांगितलंच असेल," बाई म्हणाल्या. "पुढचं नसेल सांगितलं." आवाज खाली आला. "दुसऱ्या वर्षी हे पुन्हा आले. ओंजळीत मोगरा. प्रयोग संपला, सगळे गेले, हे दाराशी उभे. मी म्हटलं, सेतु, घरी जा. तुझी कुणीतरी वाट पाहत असेल." थांबा. "गेले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर..."

बाईंनी वाक्य सोडून दिलं. टाळ्या आल्या नाहीत. बायका पदर शोधू लागल्या.

सेतुमाधवांनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत वरलक्ष्मी बसली होती, आणि लग्नानंतर प्रथमच तिचा चेहरा त्यांना लख्ख वाचता आला. दुसऱ्या वर्षी ते खरोखरच पुण्याला गेले होते. प्रशिक्षणाचा उरलेला भाग पुरा करायला. मधल्या काळात लग्न झालं होतं आणि वरलक्ष्मीला तेव्हा सातवा महिना होता.

जेवणाची पानं मांडली गेली. सेतुमाधवांना मानाचं पहिलं पान. वरलक्ष्मी सांबार वाढत आली, त्यांच्या पानावरून पळी पुढे नेली आणि शेजारच्या बाळकृष्णरावांना दोनदा वाढलं.

सेतुमाधव पानावरून उठून तिच्यामागे स्वयंपाकाच्या चुलीपर्यंत गेले. "वरू, ऐक. बाई सारे खोटे बोलल्या."

"चहा पाजिला, तेही?"

चाळीस वर्षांची मिळकत एका शब्दात सोडायची होती. "तेही," ते म्हणाले.

"ते मज ठाऊक आहे."

"आं?"

"पहिल्या दिवसापासून. खोटे बोलू लागलां की तुम्ही कानाची पाळी चोळितां. चहा सांगतांना चोळिली, बिस्किट सांगतांना चोळिली. मी म्हटले, असो. कोणाच्या घरी मांजर असते, आमच्या घरी हे एक खोटे आहे. दूध पिते, पडून राहते. मीच आज बाईंस हसत हसत सांगितले, की माझा नवरा असे असे सांगत हिंडतो, तुम्ही जरा सांभाळून घ्या."

"मग झाले तर! तू सांगितलेस, त्यावरूनच त्यांनी—"

"मी चहा सांगितला. मोगरा मी सांगितला नव्हता."

"तो त्यांनी रचिला!"

"आणि दुसरे वर्ष? तेही रचिले? नेमके तेच?" वरलक्ष्मीने पळी सांबारात आपटली. "आणि मोगऱ्याचे चालले होते तेव्हा तुम्ही कान चोळिला नाही. मी पाहत होते. हात असा खाली सोडून उभे होतां."

"कारण ते माझे खोटे नव्हते!"

"तेच तर मी म्हणते," वरलक्ष्मी म्हणाली. "आणि माझी कांजीवरम नेसून बसली आहे ती."

सेतुमाधव धावतच बाहेर गेले. बाई निघाल्या होत्या. भाची शालींचा ढीग गाडीत कोंबत होती. सेतुमाधवांनी बाईंना केळीच्या खांबाआड गाठलं.

"बाई, क्षमा असो. आपली भेट कधी झालीच नाही."

"ठाऊक आहे की मला," बाई म्हणाल्या. "अहो, गावोगाव एकेक सेतुमाधव असतो. प्रत्येकाला मी चहा पाजलाय. एवढा चहा केला असता तर नाटकं कधी केली असती?"

"पण मोगरा—"

"चहावर पडदा पाडता येत नाही हो. काहीतरी पुढे न्यावं लागतं." बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. "घरी अवघड झालं का?"

"बायकोस सांगा. एवढे करा. की आपण भेटलोच नाही."

"आत्ता सांगते. चला."

वरलक्ष्मी सभागृहाच्या ओट्यावर उभी होती. तिच्या मागे कमलाक्षी, बाळकृष्णराव, मुरली आणि सगळी सभा बाईंना निरोप द्यायला जमली होती. बाई पायऱ्या चढून गेल्या. त्यांनी वरलक्ष्मीचे दोन्ही हात हातात घेतले. नजर खाली वळवली. थांबल्या.

"वरलक्ष्मी," त्या म्हणाल्या, "हे आणि मी... आम्ही कधीच भेटलो नाही."

'कधीच' या शब्दावर आवाज किंचित फाटला. बाईंनी मान वर केली, एकच क्षण सेतुमाधवांकडे पाहिलं, खांद्यावरचा पदर सारखा केला आणि मागे न बघता गाडीकडे गेल्या.

गाडी वळणाआड झाली. जन्मभर बाईंनी खोटं असं सांगितलं होतं की लोकांनी ते खरं मानलं. खरं सांगायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. आज आली, आणि त्यांनी तेही त्याच रीतीने सांगितलं. दुसरी रीत त्यांच्याकडे नव्हती. पण हा बारकावा सेतुमाधवांशिवाय कुणाला कळणार? कमलाक्षी डोळे टिपत होती. बाळकृष्णराव मराठी नीट न कळणाऱ्या पोरांना ते वाक्य तमिळमध्ये समजावून देत होते, आणि समजावताना त्यांचा आवाज बाईंपेक्षा दोन ठिकाणी जास्त फाटला.

"अहो, खरेच भेटलो नाही!" सेतुमाधव ओरडले. "मी पुण्यास झोपलो होतो! पहारेकऱ्याने हाकलून दिले मज! चहा टपरीवर घेतला!"

मुरलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळुवार दाबला. "कळले सेतु. कळले. आम्ही कोणास सांगत नाही."

संध्याकाळपर्यंत ते कुंभकोणमला पोचलं होतं. पापनाशमच्या माहेराहून वरलक्ष्मीच्या वहिनीचा फोन आला. तिने दुसरं काही न बोलता फक्त "कशी आहेस गे?" असं विचारलं, आणि ते इतक्या मायेने विचारलं की वरलक्ष्मीने फोन आपटला.

सेतुमाधव घराच्या दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. रस्त्याने जाणारे येणारे आज वेगळ्याच नजरेने बघत होते. फुलवालीने न मागता मोगऱ्याचा गजरा पुढे केला, आणि सेतुमाधवांनी विंचू दिसल्यासारखा हात मागे घेतला. एवढी पत त्यांना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती, आणि तिचं काय करावं हे कळत नव्हतं.

दिवेलागणीला वरलक्ष्मी बाहेर आली. शेजारी बसली. चेहरा शांत होता. पूर्वीसारखा, न वाचता येणारा.

"रागावलीस काय गे?" सेतुमाधवांनी भीत भीत विचारलं.

"राग कसला? झाले ते झाले. तरुण वय असते माणसाचे." ती रस्त्याकडे पाहत होती. "पापनाशमास आमच्या अप्पांकडे विश्वेश म्हणून एक मृदंगवाले येत."

"कोण विश्वेश?" सेतुमाधव ताठ बसले. "हे नाव कधी घेतले नाहीस तू."

वरलक्ष्मीने नजर खाली वळवली. थांबली. एवढी थांबली, की पलीकडच्या घरातली कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू आली.

"कोणी नव्हे," ती म्हणाली. "आमची... काहीच ओळख नव्हती."

तिने खांद्यावरचा पदर सारखा केला आणि मागे न बघता आत गेली.

हे खरं, का खोटं, का बाईंची आजची शिकवणी? सेतुमाधव दाराकडे बघत बसले. तिचा हात कानाकडे गेला होता का? नाकाकडे? बांगड्या वाजल्या होत्या का? त्यांनी खूप आठवून पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की खोटं बोलताना आपली बायको काय करते, हे चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही पाहून ठेवलेलं नाही.